बोटीवरचा ट्रान्सपाँडर: आमची जागा कोणाकोणाला दिसते?

हर्णैची हिशेबनीस (प्रश्न)

बंदरावर सध्या एकच विषय आहे, बोटीवर बसवायचा तो सरकारी ट्रान्सपाँडर, बोटीची जागा किनाऱ्यावर कळवणारी पेटी. काहींनी बसवून घेतला, काही "बघू पुढच्या हंगामाला" म्हणतायत. आमचे बाबा या दोन्हींत नाहीत. त्यांचं म्हणणं, "ती पेटी बोटीवर चढली की मी उतरलो."

आमची ट्रॉलर वेरावळहून जुनी विकत आणलेली आहे. बाबा स्वतः तांडेल, म्हणजे बोट तेच चालवतात. मी बोटीवर जात नाही. डिझेल, बर्फ, खलाशांचे पैसे, संध्याकाळच्या लिलावाचा हिशेब, हे सगळं माझ्याकडे. कॉम्प्युटर शिकले म्हणून घरातल्या प्रत्येक बटणाची जबाबदारीही माझीच.

बाबांची अडचण खरी आहे. किनाऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, पंधरा-सोळा वाव पाण्यात एक खडप आहे. आजोबांनी डोंगरांच्या खुणा जुळवून ती जागा लावलेली. खडपावर जाळं गेलं तर फाटून हातात येतं, म्हणून बाकीचे तिथून लांबूनच जातात. बाबा कडेकडेनं ओढतात आणि मासळी त्या कडेलाच असते. ती जागा म्हणजे आमचं घर चालतं ती गोष्ट, हे वेगळं सांगायला नको.

तर प्रश्न असे. ट्रान्सपाँडर बसवला की आमची जागा कोण बघणार? फक्त सरकार, की दलाल आणि शेजारच्या बोटीसुद्धा? बंदरावर एकजण मोबाईलवर फुकटात बोटी दाखवतो, त्रिकोण त्रिकोण हलताना दिसतात, ते मी स्वतः पाहिलंय. खलाशांच्या मोबाईलवरून जागा कळते का?

आणि खरी गोम पुढे आहे. गेल्या हंगामापासून एक ठरावीक बोट, आम्ही जाळं सोडलं की तासाभरात जवळ येऊन ओढायला लागते. दर वेळी नाही, पण योगायोग म्हणता येणार नाही इतक्यांदा. ट्रान्सपाँडर तर अजून बसलेलाच नाही. मग तिला कळतं कसं?

---

खाडीपट्टा

सगळी पाळत आहे, ताई. सगळ्यांचे फोन विमान मोडवर टाकायला लावा आणि फोनमधलं टूजी कायमचं बंद करा. टूजीवर कोणीही खोटा टॉवर उभा करून बसतो. विषय संपला.

---

सड्यावरचा

विषय संपला नाही, सुरूही झालेला नाही. ताई, आधी मला एक सांगा. वेरावळहून आणलेल्या बोटीच्या केबिनच्या छपरावर अँटेना किती आहेत? आणि आत कुठेतरी एक छोटी पेटी आहे का, हिरवा दिवा लागलेली, जिला "ती जीपीएसची असेल" म्हणून कोणी हात लावत नाही?

विचारतो यासाठी की मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्यानंतर, म्हणजे 'कुबेर' ट्रॉलर समुद्रात पळवून अतिरेकी आले त्यानंतर, २० मीटर आणि त्याहून लांब मासेमारी बोटींना एआयएस (बोटीची ओळख आणि जागा रेडिओवरून आपोआप सांगणारी पेटी) बसवणं सक्तीचं झालं. गुजरातकडच्या मोठ्या बोटींवर ते असतं. बोट विकली जाते तेव्हा इंजिनाची चर्चा होते, गिअरबॉक्सची होते, त्या पेटीची होत नाही.

मी वायरलेस सुरक्षेवर संशोधन करतो. घर सड्यावर, म्हणजे समुद्रालगतच्या उंच पठारावर, त्यामुळे गावाला आलो की अँटेना लावून समुद्र ऐकणं हा माझा उद्योग. तेव्हा थोडं सविस्तर लिहितो, कंटाळलात तर सोडून द्या.

एआयएसची पेटी उपग्रहावरून स्वतःची जागा काढते आणि ती १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ या दोन वाहिन्यांवर ओरडून सांगते. ओरडून म्हणजे अगदी उघड, कुठलंही कूट (सांकेतिक भाषा) नाही, कुलूप नाही. बोटीचा नऊ आकडी क्रमांक, अक्षांश-रेखांश, वेग, दिशा. अधूनमधून नावही. मासेमारी बोटींवर असतो तो बी वर्गाचा संच. वेग दोन नॉटच्या वर असेल तर दर ३० सेकंदांनी आणि त्याखाली असेल तर दर ३ मिनिटांनी सांगतो. हे चुकून उघडं राहिलेलं नाही, मुद्दाम तसं केलंय, कारण एआयएसचं काम टक्कर टाळणं. काळोखात समोरून येणाऱ्या परक्या जहाजाला तुम्ही दिसायला हवेत, मग त्याच्याकडे तुमची किल्ली असण्याची अट कशी घालणार?

आता बाबांच्या खडपाचं गणित करू. ट्रॉल ओढताना बोट साधारण तीन नॉटनं चालते. तीन नॉट म्हणजे सेकंदाला दीड मीटर. तीस सेकंदांना एक ठिपका, म्हणजे दर पंचेचाळीस मीटरला एक. जाताना आठ-नऊ नॉटनं सरळ रेघ, मग अचानक वेग उतरतो आणि ठिपके दाट होऊन वळणं घेत जातात. बाबा खडपाच्या कडेकडेनं ओढतात म्हणालात ना? मग ते स्वतःच रोज त्या कडेचा नकाशा काढून सगळ्यांना वाटतायत.

मासळी कुठे मिळते हे बोट कधीच सांगत नाही, पण चालीवरून कळतं. याच चालीवरून 'ग्लोबल फिशिंग वॉच' या प्रकल्पानं २०१२ ते २०१६ मधले २२ अब्ज एआयएस संदेश संगणकाला वाचायला लावले आणि ७० हजारांहून जास्त औद्योगिक मासेमारी जहाजं कधी, कुठे जाळं टाकतात ते काढलं; २०१८ साली 'सायन्स'मध्ये ते छापून आलं. त्यांचा नकाशा कोणालाही फुकट बघता येतो, तीन-चार दिवस उशिरानं.

ऐकायला किती जवळ असावं लागतं? या लहरी जवळपास नजरेच्या रेषेत जातात. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा, ४.१२ नं गुणा, तेवढे किलोमीटर. बोटीवरची अँटेना ४ मीटरवर असेल तर आठेक किलोमीटर, समोरच्या बोटीचे आठ, म्हणजे सोळा किलोमीटरपर्यंत एक बोट दुसरीला सहज ऐकते. सड्यावर १५० मीटर उंचीला बसलेल्या माणसाला पन्नास अधिक आठ, अठ्ठावन्न किलोमीटर. कोकणात कडा थेट समुद्रात उतरतो म्हणून हे इतकं सोपं आहे. लागतो तो रिसीव्हर म्हणजे टीव्ही बघण्यासाठी बनवलेला एक यूएसबी डोंगल, चार पैशांचा. फुकटच्या वेबसाइटवरचे त्रिकोण असेच येतात, कोणीतरी हौशी माणूस किनाऱ्यावर अँटेना लावून बसलेला असतो. शिवाय काही उपग्रहही एआयएस ऐकतात.

शेजारच्या बोटीला तर वेबसाइटचीही गरज नाही. तिच्यावर एआयएस असेल तर तो संच ऐकतोही. तिच्या प्लॉटरच्या, म्हणजे बोटीवरच्या नकाशायंत्राच्या, पडद्यावर तुम्ही त्रिकोण होऊन दिसत असाल.

म्हणून म्हणतो, बाबा बहुतेक नको त्या पेटीला घाबरतायत.

---

सड्यावरचा

वरचं लांबलं म्हणून ट्रान्सपाँडरचं वेगळं लिहितो.

तो एआयएससारखा चारी दिशांना सांगत सुटत नाही. इस्रोचं तंत्र आहे, बोटीवरून संदेश उपग्रहाकडे वर जातो आणि तिथून किनाऱ्यावरच्या नियंत्रण केंद्रात उतरतो. देशभरात १ लाख बोटींवर बसवायची योजना आहे, ३६४ कोटींची. ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधान पालघरला वाढवण बंदराच्या पायाभरणीला आले होते तेव्हाच तिचीही सुरुवात झाली. संच ब्लूटूथनं मोबाईलला जोडायचा, 'नभमित्र' नावाच्या अ‍ॅपवर हवामानाचा इशारा येतो, अडकलात तर मदत मागता येते, छोटे संदेश दोन्हीकडून जातात.

तेव्हा शेजारच्या तांडेलाच्या पडद्यावर तुम्ही यामुळे दिसणार नाही. सरकारला दिसणार. पुढचे प्रश्न तिथून सुरू होतात आणि ते रेडिओचे नाहीत, कचेरीचे आहेत: नोंदी किती दिवस ठेवणार, कोणत्या खात्याला बघता येणार, डिझेलच्या परताव्याशी जोडणार का, मच्छीमार सोसायटीच्या कोणाला लॉगिन मिळणार का. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सरकारला भरपूर सूट आहे, त्यामुळे "कायदा आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. मत्स्य विभागाला हे प्रश्न लेखी विचारा, आणि एकट्यानं नको, सोसायटीच्या लेटरहेडवर.

ब्लूटूथचं एकच बघा. मोबाईल जोडताना पिन विचारतो का? बंदरात बोटी बोटींना खेटून असतात आणि ब्लूटूथला भिंत माहीत नाही. पिनशिवायची जोडणी नव्या ब्लूटूथमध्ये चोरून ऐकणाऱ्यापासून वाचवते, पण मध्येच कोणीतरी 'मीच तो संच' म्हणून घुसला तर त्याला ओळखत नाही.

---

खाडीपट्टा

आणि मोबाईल? टूजीचं मी चूक सांगितलं का?

---

सड्यावरचा

टूजीचं तुम्ही बरोबर सांगितलंत, जागा चुकली.

टूजीमध्ये टॉवर फोनची ओळख तपासतो, फोन टॉवरची तपासत नाही. त्यामुळे खोटा टॉवर उभा राहू शकतो आणि तो फोनला "कूट बंद कर" असंही सांगू शकतो. जे कूट आहे त्या ए५/१ चेही २००९ साली कार्स्टन नोल यांनी बर्लिनच्या परिषदेत धिंडवडे काढले. थ्रीजीपासून दोन्ही बाजूंनी ओळख पटवणं आलं. अँड्रॉइड १२ पासून बऱ्याच फोनमध्ये टूजी बंद करायचं बटण आहे. दापोलीच्या बाजारात फिरताना ते जरूर बंद ठेवा. मात्र पंचवीस किलोमीटर आत, जिथं कधी कधी टूजीचीच एखादी काडी उरते, तिथं घरी फोन लागण्याचा तोच मार्ग असतो. (आपत्कालीन कॉल ते बटण बंद असतानाही जातो, पण तांडेल काही ११२ ला फोन करून "बर्फ संपला" सांगत नाही.)

आता जागेचं. मोबाईल कंपनीला तुम्ही किती लांब आहात हे कळावंच लागतं, नाहीतर फोन चालणारच नाही. लांबच्या फोनचा संदेश पोचायला वेळ लागतो, म्हणून टॉवर फोनला सांगतो, "तू इतका आधी बोल." जीएसएममध्ये हा आकडा ० ते ६३ असतो आणि एक पायरी म्हणजे साधारण ५५० मीटर. त्रेसष्ट पायऱ्या म्हणजे ३५ किलोमीटर. समुद्रात टूजी ठरावीक अंतरानंतर, काड्या दिसत असूनही, झटकन तुटतो तो बऱ्याचदा इथंच. फोरजीमध्ये पायरी ७८ मीटरची आहे. म्हणजे कंपनीकडे तुमच्याभोवती टॉवर मध्यभागी धरून काढलेलं एक कडं असतं, आणि टॉवरची दिशाही. कॉलच्या नोंदी, कुठल्या टॉवरवरून झाला यासकट, किमान दोन वर्षं ठेवायचा नियम २०२१ च्या डिसेंबरात आला.

कंपनीबाहेरच्या माणसाला? संशोधनात हे झालंय. २०१६ साली शाईक, बोरगावकर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की फोरजीत एखाद्याला फेसबुक किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर गुपचूप संदेश पाठवत राहिलं, की टॉवर त्या फोनला हाका मारतो, आणि त्या हाका ऐकून फोन साधारण दोन चौरस किलोमीटरच्या कुठल्या तुकड्यात आहे ते काढता येतं. (बोरगावकर हे आडनाव त्या निबंधावर बघून मला उगाच बरं वाटलं होतं.) २०२२ मध्ये झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातल्या लोकांनी तर काहीही न पाठवता, फोन आणि टॉवर दोघांचं नुसतं ऐकून, त्या 'आधी बोल'च्या आकड्यावरून जागा वीसेक मीटरपर्यंत आणली. बोलणं कुलुपात असतं. वेळ जुळवायचे हे आकडे फोरजीत उघडेच जातात.

पण खरं सांगू? तुमच्या शेजारच्या तांडेलाला यातलं काहीही लागत नाही. त्याला तुमचा एक खलाशी पुरे. किंवा प्लॉटरमधलं कार्ड. खलाशी दुसऱ्या बोटीवर गेला की जुन्या बोटीच्या खुणाही सोबत जातात, हे बंदरावर कोणाला माहीत नाही? किंवा एखाद्यानं सुरमईबरोबर काढलेला फोटो, प्लॉटरचा पडदा मागे दिसतोय असा, स्टेटसला. माझ्या क्षेत्रातली माणसं लहरींत इतकी रमतात की स्टेटस बघायचं विसरतात.

---

जुना रेडिओवाला, रत्नागिरी

मी व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो. १९९९ च्या फेब्रुवारीत मोर्स आणि आमची जात दोन्ही एकदम निवृत्त झाली. वरच्या मुलानं एआयएसचं बरोबर सांगितलंय, पण एक राहिलं.

पोरी, तुझे बाबा व्हीएचएफवर, म्हणजे बोटीवरच्या रेडिओवर, बोलतात की नाही? भावाच्या, मेव्हण्याच्या बोटीला "काय लागलं का" म्हणून? तेव्हा कोणी जागा बोलून दाखवत नाही, उलट "काही नाही रे, नुसता कचरा" सांगतात, टोपल्या भरलेल्या असताना. चांगलं करतात. पण आवाज कुठून आला हे लपत नाही. दिशा दाखवणारी अँटेना फिरवली की बेअरिंग, म्हणजे नेमकी दिशा, मिळतं. दोन ठिकाणांहून दोन बेअरिंग घेतली, नकाशावर दोन रेघा ओढल्या, जिथं छेदतात तिथं माणूस. काय बोलला हे कळायची गरजच नाही. आम्ही हे दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या लोकांकडून शिकलो. उद्या तुम्ही अगदी जगात कोणाला न सुटणारं कूट लावलंत तरी बोललात की सापडलात.

ऐकणं मात्र फुकट आहे. जीपीएस नुसतं ऐकतं, त्यानं तुमची जागा कोणाला कळत नाही. २०१९ मध्ये इन्कॉइसनं (समुद्राची माहिती देणारी केंद्र सरकारची संस्था) 'जेमिनी' नावाचा संच काढला, तोही फक्त ऐकणारा. वादळाचा इशारा आणि मासळीच्या पट्ट्यांची माहिती खोल समुद्रात येते आणि बोटीवरून काहीच जात नाही. त्याचा तोटा तोच. संकटात त्यातून हाक मारता येत नाही. निसर्ग वादळाच्या वेळी, ३ जून २०२० ला, तुमच्या भागातले टॉवर आडवे झाले होते ते आठवतं ना? तेव्हा बोटीची जागा किनाऱ्यावर कळायला हवी होती असं वाटणाऱ्या आया-बायका बंदरावर किती होत्या, तेही बाबांना आठवत असेल.

---

मालवणचो रापणकार

तुमचा सगळा वाचलंय. आमका ह्या उलटा दिसता.

आमी किनाऱ्यावर रापण ओढतंव, ती काय लपतली? सगळ्या गावाक दिसता. लपतत ते रात्री मासळी ओढूक एलईडी लावन येतत ते. २०१७ पासून बंदी आसा, तरी येतत. ती पेटी आधी तेंच्या बोटींवर बसवा आणि बंद केल्यानी तर डिझेल बंद. तुमच्या बापाशीक खडप लपवूचो आसा ता मी समजतंय. पण लपवूची सोय एकाक दिली की ती सगळ्यांका मिळता, तेंकाय.

---

सड्यावरचा

रापणकारांचा मुद्दा मला खोडता येत नाही, आणि खोडायचाही नाही. एकच भर घालतो. एआयएस बंद करून एलईडी लावणारे स्वतःला हुशार समजतात, पण 'सुओमी एनपीपी' नावाचा अमेरिकी उपग्रह २०११ पासून रात्रीचा उजेड टिपतो. समुद्रातल्या काळोखात उजळलेली बोट त्यात स्वच्छ ठिपका होऊन दिसते. त्या ठिपक्यांशी एआयएस जुळवून बघायचं: जिथं उजेड आहे आणि त्रिकोण नाही, ती बोट. हे जगात होतं आणि त्याच्या याद्या निघतात. आपल्याकडे तेवढी इच्छा हवी.

---

हर्णैची हिशेबनीस

काल बोट आंजर्ल्याच्या खाडीत होती, मी स्वतः केबिनमध्ये चढले. पेटी आहे. हिरवा दिवा आहे. तिच्यावर एक खलाशी टोपी ठेवतो.

मागे चिकटवलेला नंबर ४१९ पासून सुरू होतो. तो वेबसाइटवर टाकला. आमची बोट आली, पण नाव जुन्या मालकाचं! म्हणजे आमची बोट इतके दिवस समुद्रात दुसऱ्याच नावानं फिरतेय.

बाबांना मोबाईलवर आदल्या दिवशीचा माग दाखवला. खडपाची कड जशीच्या तशी उमटलीय. मला वाटलं आता आकांत होणार. त्यांनी चष्मा लावला, पडदा मोठा केला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "इथं वळण उशिरा घेतलंय. सुकाणूवर कोण होता?"

मग तासाभरानं रागावले. आता म्हणतायत, वायर काढून टाक.

ती बोट यावरूनच येते का हे अजून सांगता येत नाही. तिच्यावर एआयएस आहे, एवढं वेबसाइटवर दिसलं. पण तिच्यावरचा एक खलाशी आधी आमच्याकडे होता, हेही खरं.

काढू का वायर?

---

जुना रेडिओवाला, रत्नागिरी

नाही. जयगडला येणारी-जाणारी मोठी जहाजं, मुंबईचा कंटेनरचा रस्ता, सगळं तुमच्या जाळ्यांच्या डोक्यावरून जातं. त्या जहाजाच्या पुलावर (ब्रिजवर, जिथून जहाज चालवतात) रात्री दोन माणसं असतात आणि पावसात लाकडी किंवा फायबरची बोट रडारवर नीट दिसत नाही. एआयएसचा त्रिकोण दिसतो. मी त्या पुलावर उभा राहिलेलो आहे म्हणून सांगतो. शिवाय सक्तीच्या बोटीवर पेटी बंद सापडली तर तटरक्षक दलाला काय सांगणार, मासे लपवत होतो?

---

सड्यावरचा

काकांशी शंभर टक्के सहमत. आणि जागेपेक्षा मला त्या चुकीच्या नावाची जास्त काळजी वाटते. उद्या काही झालं तर किनाऱ्यावरून फोन वेरावळला जाईल. तो माणूस सांगेल, "माझी बोट? ती तर मी विकली."

परवाना कार्यालयात बोटीच्या कागदांसह जा आणि नोंद बदलून घ्या. संचातलं नाव सॉफ्टवेअरनं बदलता येतं. नऊ आकडी क्रमांक मात्र बहुतेक बी वर्गाच्या संचांत एकदाच भरता येतो, बदलायचा तर विक्रेत्याकडेच न्यावा लागतो. स्वतः उघडायच्या फंदात पडू नका.

यावरून लक्षात येईल की एआयएस जे सांगतो ते कोणी तपासत नाही. तुमच्या पेटीनं जुनं नाव सांगितलं, जगानं मानलं. २०१३ साली ट्रेंड मायक्रोच्या संशोधकांनी याच भोकातून भूमध्य समुद्रात एक मुळात नसलेलं जहाज चालवून दाखवलं; त्याच्या मागातून इंग्रजी अक्षरं उमटत होती. २०२१ च्या १८ जूनला ब्रिटनची 'एचएमएस डिफेंडर' ही युद्धनौका युक्रेनमधल्या ओदेसाच्या धक्क्याला बांधलेली होती, वेबकॅमवर दिसत होती, आणि त्याच रात्री एआयएसवर ती रशियाच्या ताब्यातल्या सेवास्तोपोलकडे निघालेली होती. कोणीतरी खोटा माग सोडला होता. तेव्हा पडद्यावर त्रिकोण दिसला म्हणजे बोट आहेच असं नाही, आणि दिसला नाही म्हणजे नाहीच असंही नाही. रात्री सुकाणूवर असणाऱ्यानं डोळे उघडे ठेवायचे ते ठेवायचेच.

(ताई, आधीच सांगतो: बाबांना हे वाचून खोट्या त्रिकोणाची कल्पना सुचेल. गुन्हा आहे. आणि खोट्या त्रिकोणाला वाचवायला कोणी खरी नाव घेऊन निघालं तर त्याचं पाप वेगळं.)

---

हर्णैची हिशेबनीस

सुचली होती. वाचून दाखवल्यावर सोडली.

मग दुसरी काढली. पेटी चालू ठेवायची, पण जिथं काहीच मिळत नाही अशा दोन-तीन जागी तीन नॉटनं वेडीवाकडी वळणं घेत फिरून यायचं, म्हणजे बघणाऱ्याला खरं खडप कुठलं ते कळू नये. मला वाटलं, हे तर हुशारीचं आहे.

---

सड्यावरचा

हुशारीचंच आहे. इंटरनेटवर निनावी राहू इच्छिणारे हेच करतात, खऱ्या संदेशांच्या मध्ये खोटे भरतात, म्हणजे बाहेरून सगळं सारखं दिसतं. तिथंही अडचण एकच येते, खर्च. संगणकात तो डेटाचा असतो, तुमच्याकडे डिझेलचा. शिवाय थोडेसेच खोटे फेरे मारले तर आठवडाभराच्या नोंदी एकत्र ठेवून खरी जागा वेगळी काढता येते, कारण खऱ्या जागी तुम्ही परत परत जाता. फसवायचं तर खऱ्याइतकंच खोटं ओढावं लागेल. हिशेब तुमच्याकडे आहे, आकडा काढा.

---

हर्णैची हिशेबनीस

काढला. दाखवला. त्यावर आईनं जे म्हटलं ते इथं लिहीत नाही.

आता ठरलंय ते असं. नाव बदलायचा अर्ज सोमवारी. ट्रान्सपाँडरचं, सोसायटीकडून चार प्रश्न लेखी जातील, उत्तर आलं की बाबा विचार करतील (पूर्वी उतरणार होते, त्या मानानं बरंच). प्लॉटरचं कार्ड रोज घरी यायला लागलंय. खलाशांच्या स्टेटसवर मी लक्ष ठेवतेय, त्यात एकानं लग्न ठरल्याचं मला बाबांच्या आधी कळलं.

रापणकार काका, तुमचं बाबांना वाचून दाखवलं. "एलईडीवाल्यांचं बरोबर बोलतोय तो" म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी ऐकूच आलं नाही असं केलं.

---

मालवणचो रापणकार

माका म्हायत होता. विचारा तेंका परत.

---

हर्णैची हिशेबनीस

विचारते. पण इथं नाही लिहिणार. त्या दुसऱ्या बोटीचा मालकही हे सगळं वाचतो, असं आज लिलावात कळलं. त्यांनीच सांगितलं, हसत हसत, आणि विचारलं, ते वळण उशिरा कोणी घेतलं होतं.